सतरा नंबरचा बिल्ला

६ जुलै, रविवार

मंडळाच्या इतिहासात प्रथमच एक कार्यक्रम वेळेवर सुरू झाला, कारण त्यात भाषण नव्हतं.

समाजातल्या गरोदर सुनांची रक्त तपासणी. थॅलेसेमिया नावाचा एक आजार असतो. तो आईबापांच्या रक्तातून मुलात उतरतो. आईबाप स्वतः ठणठणीत असतात, म्हणून कुणाला पत्ताच नसतो. डॉ. मयुरी चौधरी ही धरणगावची पोरगी. जळगावात तिची स्वतःची प्रयोगशाळा आहे. तिने मंडळाच्या बैठकीत हे समजावून सांगितलं तेव्हा अध्यक्ष अखिलभाऊ म्हणाले, "आपल्यात चार गोत्रं टाळून सोयरीक करतात. आपलं रक्त चोख." मयुरी म्हणाली, "भाऊ, रक्ताला गोत्र वाचता येत नाही." तेव्हाच मला ती पोरगी आवडली.

खरी अडचण वेगळीच होती. तपासणी करायची ती लवकर, आठव्या-नवव्या आठवड्यात. आणि आमच्यात तीन महिने पूर्ण झाल्याशिवाय पोटातलं कुणाला सांगत नाहीत. नवऱ्याला कळतं, मग सासूला. सासऱ्याला सगळ्यात शेवटी, तेही पेढा तोंडात गेल्यावर. मग भर सभागृहात रांगेत कोण उभी राहणार?

तोड मी काढली. आमच्या जैन स्थानकात चपला ठेवायला पितळी बिल्ले आहेत, एक ते शंभर. प्रत्येकीला एक बिल्ला द्यायचा. नळीवर नाव नाही, फोन नाही, फक्त बिल्ल्याचा नंबर आणि आठवडे. शनिवारी बिल्ला दाखवून रिपोर्टचं पाकीट घेऊन जायचं. मी पडद्याआड बसून बिल्ले वाटले. मला दिसत होते ते फक्त हात. मेंदीचे, बिनमेंदीचे, एक तर हळदीने पिवळा झालेला. तेवीस हात.

मयुरीने एकच शंका काढली. "काका, नंबरला निरोप कसा द्यायचा?"

"निरोप कशाला? येतीलच की. रिपोर्ट मी स्वतः वाटणार. गुप्ततेची हमी माझी."

ती माझ्याकडे बघत राहिली. कौतुकाने असावं.

हमी मी उगाच देत नाही. गेली अकरा वर्षं दर रविवारी 'खोटं माप' हा स्तंभ लिहितो, पण कधी कुणाचं नाव घेतलं नाही. गेल्या वर्षी थायरॉइडच्या गोळ्यांवरून एक साखरपुडा मोडला, त्यावर लिहिलं तेव्हाही नाही. तरी मुलगी कोण हे साऱ्या जळगावला दुपारपर्यंत कळलं होतं. कला म्हणतात ती हीच.

९ जुलै, बुधवार

आज चौमासी चौदस, चतुर्मासाची सुरुवात. बाईने, म्हणजे माझ्या आईने, एकोणऐंशीव्या वर्षी कडक उपवास धरला. आणि आमची सून जिनल सकाळी नऊ वाजता दहीपोळी खात होती! दरवर्षी उपवास करणारी पोरगी. मी म्हणालो, "काय जिनल, यंदा मोक्ष पुढे ढकलला?" पुनीतने, माझ्या चिरंजीवांनी, वर्तमानपत्र डोळ्यांपुढे धरलं. तेही उलटं. आमच्या सौ. कांचनने मलाच झापलं, "खाऊ द्या हो तिला." उपवास मोडणाऱ्या सुनेची बाजू सासूने घ्यावी! कलियुगाचा हा पुरावा जपून ठेवायला हवा. स्तंभाला कामी येईल.

बाई आज हिराची आठवण काढत होती. हिरा माझी थोरली बहीण. मी जन्मायच्या आधीच तीन वर्षांची होऊन गेली. बाई तिचं नाव कधी काढत नाही. उपवासाने माणूस हळवं होत असेल.

१२ जुलै, शनिवार

सभागृहात सकाळी दहापासून पाकिटं घेऊन बसलो. बावीस गेली. सतरा नंबर आलीच नाही.

मयुरीने मला बाजूला घेतलं. तेवीसपैकी दोघींच्या रक्तात हा दोष आहे, चार आणि सतरा. त्या स्वतः आजारी नाहीत, 'वाहक' आहेत. चार नंबरच्या नवऱ्याचं रक्त लगेच तपासलं, ते साफ निघालं. विषय संपला. पण सतराचा नवरा कोण? तोही वाहक निघाला तर दर खेपेला चारात एक शक्यता की मूल आजार घेऊनच येईल. सहा महिन्यांचं झालं की पांढरं पडू लागतं, पोट फुगतं. मग जन्मभर दर तीन-चार आठवड्यांनी दुसऱ्याचं रक्त.

"पोटातल्या बाळाची तपासणी होते," मयुरी म्हणाली. "पण वेळेत. कागदावर नऊ आठवडे लिहिलेत, तेही रविवारी. काका, तिला शोधायचं कसं?"

"तिला स्वतःला काही जाणवत नसेल?"

"नाही हो. फार तर थोडा अशक्तपणा. हिमोग्लोबिन कायम थोडं कमी, लोहाच्या कितीही गोळ्या घ्या, वर सरकत नाही."

येताना माझ्या लोहाच्या गोळ्या आणायच्या राहिल्या. वीस वर्षं गिळतोय. एव्हाना पोटात खाण निघायला हवी होती, पण आकडा अकराच्या वर जाईल तर शपथ.

सतरा नंबर डोक्यातून जात नाही. हाताच्या अंतरावरून बिल्ला घेऊन गेली आणि मला साधा चेहरा ठाऊक नाही. बिल्ल्यांची युक्ती इतकी चोख निघाली की मीच तिच्यात अडकलो.

१५ जुलै, मंगळवार

शोधमोहीम. समाजात गेल्या दोन वर्षांत लग्न झालेल्या सुनांची यादी केली, एकतीस. त्यातून जिनलचं नाव आधीच काढलं, घरचंच माणूस. पहिला संशय अखिलभाऊंच्या सुनेवर. चतुर्मासाच्या वर्गणीचं निमित्त करून गेलो. सून चहा घेऊन आली. तब्येत भरलेली, चेहऱ्यावर तेज. मी हळूच म्हणालो, "बेटा, जपून. अशा वेळी जिने चढू नयेत."

"कशा वेळी?" तिने विचारलं.

मी उत्तर देण्याआधी तिच्या सासूने दिलं. "हितेंद्रभाऊ, तिचं वजन वाढलंय आमरसाने. तुमच्या तोंडाला काही कुलूपबिलूप मिळतं का बाजारात?"

चहा अर्धाच राहिला.

घरी हा किस्सा सांगितला तर कांचन हसली, बाई हसली. जिनल मात्र ताट तसंच ठेवून उठली. विनोदाची जाण या पिढीला नाही.

१८ जुलै, शुक्रवार

मयुरीबरोबर साक्रीला जाऊन आलो. तिकडच्या सरकारी दवाखान्यात ती महिन्यातून एकदा जाते. तिथे रक्ताचा दुसरा दोष जास्त आढळतो, सिकलसेल. तऱ्हा तीच, आईबापांकडून येणारी. म्हटलं स्तंभाला मसाला मिळेल. डोंगरातले लोक, अज्ञान, अंधश्रद्धा वगैरे. चार वाक्यं तर मी गाडीतच जुळवून ठेवली होती.

ती चारही खोडावी लागली.

दवाखान्यात आठवडे बाजाराच्या पिशव्या घेऊन बायका बसलेल्या. वच्छलाबाई नावाची आरोग्यसेविका दारातूनच ओरडत होती, "कार्डं बाहेर काढा! पिशवीच्या तळाशी कोथिंबिरीखाली ठेवू नका!" दोष नसेल तर पांढरं कार्ड, वाहकाला पिवळं, आजाऱ्याला लाल. आणि बायका ते कार्ड बसच्या तिकिटासारखं हातात धरून बसलेल्या. एक बाई सात महिन्यांची, नाव लताबाई. शेजारी तिचा नवरा कौतिक. मी विचारलं, "असं चारचौघांत दाखवायला काही वाटत नाही?"

ती म्हणाली, "मन्हं पिवळं शे, यास्नं पांढरं. पोऱ्याले काही धोका नही. लपाडीसन काय फायदा, भाऊ? रगत काय लपस का?"

कौतिक म्हणाला, "मना भाऊनं लगन ठरनं तवय पह्यले कार्ड दखं. मंग पोर दखी." सगळ्या बायका हसल्या.

मग लताबाईने मला वरून खालपर्यंत न्याहाळलं. "तुम्हनं कार्ड कोनतं शे?"

मी हसलो. मी काय गरोदर आहे?

परतीच्या वाटेवर मी मयुरीला विचारलं, "सतरा नंबर का येत नसेल? शिकलेली असणार. कशाला भीत असेल?"

गाडी चालवता चालवता ती म्हणाली, "तुम्हाला, काका."

पोरीला विनोद करता येतो.

२० जुलै, रविवार

आजचा स्तंभ, 'सतरा नंबरची चप्पल'. एक सून चप्पल ठेवते, बिल्ला घेते आणि अनवाणीच पळून जाते. चप्पल बिचारी वाट बघत बसते. सासू पंचांग बघते, नवरा मोबाइल बघतो, आणि पोटातलं बाळ विचारतं, आई, तुला लाज कसली वाटते, माझी की तुझी? शेवट जमला आहे. वाचून तरी ती येईल.

सकाळपासून एकोणतीस फोन. सगळे हसत होते आणि शेवटी एकच विचारत होते, "खरं सांगा, कोण हो ती?"

सतरा नंबर आली नाही. मयुरीचा हिशेब: आज अकरा आठवडे पूर्ण.

२१ जुलै, सोमवार

जिनल माहेरी धुळ्याला गेली. आठवडाभर. बाईसुद्धा बरोबर! धुळ्यात महाराजसाहेबांचा चतुर्मास आहे, दर्शनाला जायचं म्हणाली. गुडघे इतके दुखतात की बाई आमच्या मेहरूणच्या तलावापर्यंत चालत नाही, आणि निघाली धुळ्याला. पुनीत दोघींना सोडायला गेला. कापडाचं दुकान मी सांभाळलं.

काल बाई भिंग घेऊन माझा स्तंभ वाचत होती. दोनदा वाचला. आवडला का विचारलं तर म्हणाली, "तुझे बापूजी पण हुशार होते."

२३ जुलै, बुधवार

पुनीत काल रात्री परत आला. कोपराच्या खोबणीत चिकटपट्टी. विचारलं तर म्हणे कापडाची गाठ सोडताना खरचटलं. गाठ त्या जागी कशी लागते, हे तीस वर्षं गाठी सोडून मला कळलेलं नाही. आज पुन्हा गेला. म्हणाला, "धुळ्याहून पुढे मुंबईला मालाचं काम आहे, दोन दिवस." धुळ्याहून मुंबई!

२६ जुलै, शनिवार

स्थानकात चपलांवर बसणारा छगन एक बिल्ला परत न आल्याची तक्रार घेऊन आला. "भाऊ, बठ्ठा बिल्ला उनात, सतरा नंबर नही उना. आते सतराना खणमा कोनी चप्पल ठेऊ?" म्हटलं, खण रिकामा ठेव. मालकीण सापडायची आहे.

मयुरीला फोन केला. ती म्हणाली, "काका, शोध थांबवा. सतरा नंबर भेटली. वेळेत भेटली."

"कोण?"

"ते नाही सांगणार."

"अगं, युक्ती माझी होती! नवऱ्याचं काय निघालं, तेवढं तरी सांग."

"काका, तुम्ही गुप्ततेची हमी दिली होती ना?"

दिवसभर जेवण गोड लागलं नाही. तिच्या बाळाची काळजी होती, हे खरंच. पण नाव न कळण्याचं दुःख त्याहून जड होतं, हे इथे लिहून ठेवतो. वही कुणी वाचत नाही.

२८ जुलै, सोमवार

सगळे काल परतले. जिनल खोलीत झोपून आहे. प्रवासाचा शीण म्हणे.

सकाळी बाईची माळेची थैली सोफ्यावरून खाली पडली. उचलली तर जड लागली. आत माळ, तोंडावर बांधायची मुहपत्ती आणि पितळी बिल्ला. सतरा.

मी बिल्ला हातात घेऊन उभा राहिलो. पहिला विचार काय आला, तोही लिहितो: बाई, या वयात?

बाई म्हणाली, "दार लाव."

मग तिने सांगितलं. मी ऐकलं, मध्ये एकदाही बोललो नाही. चोपन्न वर्षांत पहिल्यांदा.

जिनलला दिवस गेले आहेत. घरात सगळ्यांना ठाऊक. तपासणीला ती मैत्रिणीकडे जाते सांगून आली होती. पडद्याआडून माझ्याच हातून तिने बिल्ला घेतला आणि मी माझ्या सुनेचा हात ओळखला नाही. शनिवारी पाकीट घ्यायला दारापर्यंत आली. टेबलावर मी बसलेला दिसलो, तशीच परत फिरली. आपला नंबर बाद नसेलच, अशी मनाची समजूत काढत आठवडा काढला. मग माझा रविवारचा स्तंभ वाचला. आपलाच नंबर शोधला जातोय, म्हणजे दोष आपल्याच रक्तात, हे तिला माझ्या स्तंभातून कळलं. चपलेच्या विनोदातून.

"रडत होती," बाई म्हणाली. "म्हणाली, दादीसा, पप्पा पुढच्या रविवारी माझंच लिहितील. मी म्हटलं, चल धुळ्याला. डॉक्टरीणबाईला मीच फोन लावला."

"आणि पुनीत?"

"त्याचंही तसंच निघालं. तुझंच रक्त."

"माझं कशावरून?"

बाईने थैलीतून आणखी एक वस्तू काढली. हिराचा फोटो, नखाएवढा. "ही पांढरी पडत गेली. पोट हे एवढं. धुळ्याच्या डॉक्टरांनी रक्त चढवलं दोनदा, दुसऱ्या महिन्यात पुन्हा तशीच. घरात म्हणाले, लाडकुंवरचं, म्हणजे माझं, दूध बाधलं. तुझे बापूजी हुशार होते, चारचौघांत विनोद केला, 'हिच्या दुधात पाणीच फार.' सगळे हसले. मी तेव्हापासून तिचं नाव काढलं नाही. तुझं ते शिबिराचं पत्रक घरात पडलं होतं, त्यात वाचलं. पोट फुगतं, पांढरं पडतं. पंचावन्न वर्षांनी कळलं, दूध नव्हतं ते. माझं रक्त होतं आणि त्यांचंही. दोघांचं."

ते पत्रक मी लिहिलं होतं. भाषा सोपी ठेवल्याबद्दल मयुरीने माझी पाठ थोपटली होती.

मुंबईला बाळाची तपासणी झाली. निकाल यायला दोन आठवडे.

२९ जुलै, मंगळवार

जिनलपाशी गेलो. वाक्यं जुळवून गेलो होतो, एकही उपयोगी पडलं नाही. म्हणालो, "बेटा, मी इतका वाईट लिहितो का?"

"नाही पप्पा," ती म्हणाली. "छान लिहिता. म्हणूनच लोकांच्या लक्षात राहतं. त्या थायरॉइडवाल्या मुलीचं अजून जमलेलं नाही. ती माझ्या वर्गात होती."

थोड्या वेळाने मी विचारलं, "आणि निकाल वाईट आला तर?"

"तर मी आणि पुनीत ठरवू. मम्मींना विचारू, दादीसांना विचारू. धर्म मलाही आहे, पप्पा. पण ते ठरवताना मला कुणाचं हसू ऐकू यायला नको."

मी बिल्ला तिच्यापुढे धरला. ती म्हणाली, "राहू दे तुमच्याकडेच."

३ ऑगस्ट, रविवार

स्तंभ पाठवला नाही. संपादकांचा फोन, "तब्येत बरी आहे ना?" अकरा वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.

घरात फोन वाजला की सगळे थांबतात. कांचनच्या हातातली पोळी तव्यावर करपते. पुनीत दुकानात एकच तागा चार वेळा मोजतो. बाई माळ ओढते आणि मी बाईच्या बोटांकडे बघत बसतो. इतक्या वर्षांत बघितली नव्हती. नखं पांढरी आहेत. माझीही.

८ ऑगस्ट, शुक्रवार

निकाल आला. बाळ वाहक आहे, आजारी नाही. आईसारखं, बापासारखं, आणि बहुधा माझ्यासारखं. जन्मभर लोहाच्या गोळ्यांना दाद देणार नाही, एवढंच.

जिनल खूप रडली, मग दहीपोळी मागितली. बाईने हिराचा फोटो थैलीतून काढून देवघराशेजारच्या फळीवर ठेवला. उघड्यावर.

पेढा मला सगळ्यांच्या आधी मिळाला.

१० ऑगस्ट, रविवार

स्तंभ छापून आला. आधी जिनलला वाचायला दिला होता. तिने दोन विनोद खोडले, दोन्ही चांगले होते. विषय: माझी बहीण, माझी आई, माझं रक्त, आणि पाकिटांच्या टेबलावर बसलेला एक शहाणा. यावेळी एकच नाव घेतलं आहे, तेही तळाला असतंच. आणि थायरॉइडच्या मुलीची माफी, तिची ओळख पटेल असं काहीही न लिहिता. हे मात्र फार अवघड गेलं. सवय नव्हती.

फोन आले, तीन. एकही हसत नव्हता. तिसरा अखिलभाऊंच्या पत्नीचा. म्हणाल्या, "कुलूप मिळालं वाटतं." मग आवाज उतरवून, "आमच्यातही एक मुलगी गेली होती, पांढरी पडून. नंतर बोलते."

दुपारी मंडळात दुसरं शिबिर. या वेळी नवरे, सासरे, दीर, लग्नाची पोरं, सगळ्यांसाठी. मयुरीने फोन नंबर लिहून घ्यायची पद्धत आणली. निरोप फक्त तीच देणार. पाकिटांचं टेबल नाही. रांगेत पुरुष एकमेकांना पुढे ढकलत होते, लग्नाच्या पंगतीत कुणी आधी बसायचं यावरून ढकलतात तसे. अखिलभाऊ खांबाआड उभे राहून फोनवर बोलत होते. फोन बंद होता, मला दिसत होतं. स्तंभाला उत्तम प्रसंग. सोडून दिला.

मी खुर्चीत जाऊन बसलो, बाही वर केली. पलीकडच्या खुर्चीत बाई, तिची शीर सापडत नव्हती. सुई घेऊन आलेल्या पोराने मला हळूच विचारलं, "काका, तुमचं नाव नको असेल तर नंबर टाकू?"

खिशात सतराचा बिल्ला होता. तो छगनला परत द्यायचा होता, खण रिकामा आहे.

"नाव टाक," मी म्हणालो. "हितेंद्र केवलचंद ओस्तवाल. आणि जरा मोठ्याने वाचून दाखव, बरोबर लिहिलंस का बघतो."

त्याने वाचलं. खांबाआडचा फोन खाली आला.

कागद आला की साक्रीला जायचं आहे. लताबाईला उत्तर द्यायचं राहिलंय.